मावशीचा राखाडी रंग

४ जानेवारी, रविवार

बायकोने ही डायरी हातात ठेवली आणि म्हणाली, "जे काय पुटपुटायचं ते यात पुटपुटा. जेवताना नको. माझा घास घशात अडकतो." तर हे पहिलं पुटपुटणं.

बाबांच्या खोलीत आज जावईबापूंनी आणखी एक फोटो टांगला. जावईबापू म्हणजे माझ्या ताईचा नवरा. तोंडावर मी त्यांना भाऊजी म्हणतो, पण बाबा "जावईबापू, जावईबापू" करत असे काही लाडावतात की माझ्या डोक्यातही तेच नाव बसलंय. विमा कंपनीतून मुदतीआधी निवृत्त झाले, तोफेएवढी लेन्स घेतली आणि आता विमानतळाच्या मागच्या भिंतीपाशी उभे राहून उतरणाऱ्या विमानांचे फोटो काढतात. काल-परवापर्यंत या गृहस्थांना विमानाचं इंजिन कुठलं आणि चाकाची पेटी कुठली हे सांगावं लागत होतं.

मी शाळेत असल्यापासून विमानांची मॉडेलं करतोय. बाबांचा जन्म विमानांची इंजिनं खोलण्या-जोडण्यात गेला. म्हणजे विमान हा आमचा, बापलेकांचा विषय. त्यात हे आयत्या बिळावर नागोबा.

फोटो चांगला आहे. हे लिहायला नको होतं, पण डायरी खासगी आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

मावशीला हात घातला. मावशी म्हणजे बाबा ज्यावर सगळ्यात जास्त राबले ते दोन पंख्यांचं जाडजूड मालवाहू विमान. कितीही सामान लादा, कुरकुरत का होईना नेणारच, म्हणून सगळे मेकॅनिक तिला मावशी म्हणायचे. आई म्हणायची, "माझ्या माहेरच्या एकाही मावशीची यांना आठवण नाही, ही मात्र झोपेतही आठवते."

खोक्यातून आलेल्या प्लॅस्टिकच्या मावशीचं अंग गुळगुळीत आहे. खरीच्या अंगावर रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रांगाच रांगा होत्या. मी पट्टी धरून दातेरी चाकाने एकेक रांग टोचत बसलोय. मान मोडून गेली. पण खरी मजा रंगात येणार. गॅरेजमध्ये माझं कामच ते. ठोकर लागलेल्या गाडीला नवं दार बसवलं की बाकीच्या उन्हाने विटलेल्या गाडीशी मिळेल असा रंग त्या दाराला मी करून देतो. मालक येऊन विचारतो, "नवं दार कुठलं?" तेव्हा पगार वसूल होतो. मावशीचा तो ऊन खाल्लेला, तेलाने डागाळलेला राखाडी रंग माझ्याइतका कुणाला साधणार नाही.

मार्चमध्ये छंद मंडळाचं प्रदर्शन आहे. अचूक मॉडेलाचं बक्षीस बाबा ठरवतात, हा त्यांचा मान. मला ते त्यांनी कधीच दिलं नाही. "मुलाला दिलं तर लोक काय म्हणतील?" ठीक आहे. पण नुसतं "वा" म्हटलं तर लोक काही म्हणत नाहीत. तेही ते म्हणालेले नाहीत. "बरं झालंय", "ठीक", "या पंख्याचं टोक बघ", एवढंच. यंदा मावशीवर मला बाबांच्या तोंडून तो एक शब्द हवाय. बक्षीस गेलं खड्ड्यात.

१५ जानेवारी, गुरुवार

बाबा आणि जावईबापू आज पुन्हा विमानतळाच्या भिंतीपाशी गेले. महिन्यातला एक गुरुवार यांचा ठरलेला. काल मी म्हटलं, "मीपण येतो, सुट्टी टाकतो." बाबा इतक्या घाईने "नको, नको" म्हणाले की चहा बशीबाहेर सांडला.

परत आले ते काळा चष्मा लावून. या वयात ही ऐट! घरात आल्यावरही काढला नाही. मी विचारलं, "किती विमानं आली?" म्हणाले, "आली बरीच," आणि जाऊन पडले. जावईबापूंना म्हटलं, "दाखवा की फोटो." तर म्हणे, "आज उजेड बरा नव्हता, रंगशेठ." हे मला रंगशेठ म्हणतात. दिवसभर लख्ख ऊन होतं! मी काय दुधखुळा आहे? दोघांचं काहीतरी शिजतंय आणि मला वाससुद्धा लागू द्यायचा नाही असं ठरलंय.

२५ जानेवारी, रविवार

मावशीचे पंख बसले, प्रायमरचा पहिला हात मारला. अजून रंग नाही, तरी रांगा अशा उठून दिसतायत की मला राहवलं नाही. बाबांच्या खोलीत घेऊन गेलो. "बाबा, बघा कोण आलंय."

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं आणि मग, हे मला लिहितानाही लागतंय, मान वळवली. मावशी त्यांच्या समोर धरलेली आणि ते बघतायत खिडकीकडे. तसंच तिरक्या मानेने म्हणाले, "छान आहे." आणि हात पुढे केला.

मी मावशी मागे घेतली. प्रायमर ओला होता. आणि तसंही, मॉडेलाला कुणी हात लावायचा नाही, हा नियम घरात सगळ्यांना पाठ आहे. एरियल म्हणजे केसाएवढी तार, बोट लागलं की गेली. "हात नको बाबा, नुसतं बघा," मी म्हटलं.

"बघितलं," ते म्हणाले आणि हात मांडीवर ठेवला.

समोर धरलेली वस्तू सरळ डोळ्यांनी बघायचीसुद्धा नाही? जावईबापूंच्या फोटोपुढे मात्र नाक लावून उभे असतात.

८ फेब्रुवारी, रविवार

नवा फोटो आला. दाराएवढा. तोही काळापांढरा. जावईबापूंचे फोटो दर खेपेला फुगतायत. आधी वहीएवढे होते, मग पाटाएवढे, आता हा. बढाईलाही काही माप असावं. मी म्हटलं, "भाऊजी, पुढचा छतावर लावणार का?" ते हसले. बाबा म्हणाले, "लावा हो जावईबापू, पडल्या पडल्या बघेन." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

निघताना जावईबापूंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "एक सुचवू का? बाबांना ते मॉडेल जरा हातात द्या. त्यांना बरं वाटेल."

मी म्हटलं, "तुमची लेन्स देता का माझ्या हातात, बोटं फिरवायला?"

ते काहीतरी बोलणार होते, पण तसेच जिना उतरून गेले. जातीलच. उत्तर काय देणार?

हल्ली बाबा वर्तमानपत्रही स्वतः वाचत नाहीत, बायकोकडून वाचून घेतात. सुनेचा आवाज गोड आहे म्हणे. ती आज मला म्हणाली, "अहो, बाबांचं मला काही ठीक वाटत नाही. काल दोन पायांत दोन रंगांचे मोजे होते." मी म्हटलं, "लाडावलेत, दुसरं काही नाही." हिला मोज्यांची पडली आहे. इथे माझा बाप हातचा चाललाय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मंडळाचे कार्यवाह आले होते. बाबांनी परीक्षक व्हायला नकार दिला! "आता नव्या माणसाला द्या मान," म्हणाले. कार्यवाहांनी खूप गळ घातली. बाबा नाही म्हणजे नाही.

मला कळलं. यंदाचं मॉडेल इतकं अचूक आहे की बक्षीस मलाच द्यावं लागलं असतं. ते द्यायचं जिवावर आलं, म्हणून परीक्षकपदच सोडलं. धन्य आहे.

रंगाचा तिसरा हात झाला. आज गॅरेजमध्येही मन लागलं नाही, एका पांढऱ्या गाडीचं दार पिवळट झालं. पण मावशीचा राखाडी असा जमलाय की माझी मलाच दृष्ट लागेल. इंजिनामागे तेलाचे ओघळ, पोटाखाली धूळ, दारापाशी बुटांनी खरवडलेला रंग. बाबांनी सांगितलेली एकेक गोष्ट तिच्या अंगावर आहे.

७ मार्च, शनिवार

आज प्रदर्शन झालं. 

सकाळी बाबांना म्हटलं, "माझं टेबल दारातून शिरल्यावर उजवीकडे. डावीकडून तिसरं मॉडेल." ते हसले, "येतो रे, मावशीला भेटायला येतोच." नवा कोट घातला होता. मला वाटलं, आज होणार.

जावईबापूंचा फोटो अख्ख्या भिंतीवर. लोक त्याच्यापुढे उभं राहून आपापले फोटो काढत होते. मी तिकडे बघितलंच नाही. फार तर दोनदा.

बाबा जावईबापूंचा दंड धरून आले आणि त्यांना सोडून सरळ माझ्या टेबलाकडे वळले. ऐनवेळी मंडळवाल्यांनी आमच्या टेबलावर एका दातांच्या डॉक्टरचं मॉडेल घुसवलं होतं, लालभडक हेलिकॉप्टर, खेळण्यातलं वाटावं असं. बाबा त्या हेलिकॉप्टरपुढे थांबले. वाकले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा! वा! हुबेहूब! काय रंग साधलाय!"

माझी मावशी एका हाताच्या अंतरावर होती आणि मी तिच्या मागेच उभा होतो. दातांचा डॉक्टर खूश होऊन पुढे आला, "धन्यवाद, आजोबा!" बाबांचा चेहरा एकदम उतरला. जावईबापूंनी झटक्यात येऊन त्यांचा कोपर धरला आणि त्यांना बाहेर नेलं.

जन्मभर ज्या शब्दाची वाट पाहिली तो बाबांनी एका लाल खेळण्याला देऊन टाकला. माझ्यासमोर. चूक म्हणू? ज्या माणसाने मावशी आवाजावरून ओळखली, त्याला हेलिकॉप्टर ओळखता येऊ नये? मुद्दाम केलं. मी जळतो हे त्यांना कळतं आणि आणखी जाळायचं म्हणून केलं.

मला रंगकामाचं पहिलं बक्षीस मिळालं. बाबा तेव्हा गाडीत बसून होते.

१४ मार्च, शनिवार

बाबा आठवडाभर ताईकडेच आहेत. प्रदर्शनातून थेट तिकडे गेले. मला एक फोनही नाही.

मी आज त्यांची खोली लावली. जावईबापूंचे सगळे फोटो उतरवले, वर्तमानपत्रात नीट गुंडाळले (कोपरा एकाचाही दुमडला नाही, उगाच नावं ठेवायला नकोत) आणि माळ्यावर टाकले. पलंग खिडकीखालून हलवून भिंतीला लावला. आणि काचेचं कपाट, आत दिवा असलेलं, मधोमध मावशी, असं ठेवलं की दारातून आत पाऊल टाकल्या टाकल्या समोर तीच. आता बघू कुणीकडे मान वळवतात.

बायको दारात उभी होती. "त्यांना विचारलंत?"

"माझ्या घरातली खोली आहे."

"त्यांची खोली आहे, अहो." एवढं बोलून आत गेली. हिलाही जावईबापूच गोड.

१६ मार्च, सोमवार

जावईबापूंनी सकाळी बाबांना फाटकापाशी सोडलं आणि ते गाडी वळवायला गेले. मी गॅरेजमध्ये होतो. बाबा नेहमीसारखे एकटे आत आले, नेहमीसारखे खोलीत गेले, खिडकीखाली पलंग आहे असं धरून चार पावलं टाकली आणि कपाटावर आदळले. काच फुटली. भुवईवर टाके पडले, मनगट सुजलंय. हाड वाचलं.

मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा टाके घालणं चालू होतं. बाकावर जावईबापू बसले होते, शर्टाला रक्त लागलेलं. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "रंगशेठ, त्यांना मधलं दिसत नाही हो. दोन्ही डोळ्यांनी. कडेकडेचं तेवढं दिसतं, म्हणून मान तिरकी करतात. महिन्यातल्या त्या ठरलेल्या गुरुवारी डोळ्यात इंजेक्शन असतं. आहे तेवढं टिकावं म्हणून. मोठा, काळापांढरा फोटो त्यांना थोडाफार कळतो, म्हणून मी मोठे करत गेलो. मी तुम्हाला कितीदा सांगणार होतो, पण त्यांनी शपथ घातली होती."

इथे मी खोटं लिहिणार नाही. माझ्या मनात पहिल्यांदा दया आली नाही, भीती आली नाही, स्वतःची लाजही नंतर आली. पहिल्यांदा आलं ते हे: यांना माहीत होतं आणि मला नव्हतं.

१८ मार्च, बुधवार

आज रजा काढली. खोली पुन्हा होती तशी लावली, पलंग खिडकीखाली, फोटो भिंतीवर. बाबा खुर्चीत बसून होते. काचा झाडल्या तेव्हा बायकोने मावशीचे तुकडे एका टोपलीत भरून ठेवले होते. एक पंख निखळला, दोन्ही पंखे गेले, एरियलचा पत्ता नाही. धड तेवढं शाबूत.

बाबा म्हणाले, "मावशी मोडली का रे?"

"मोडली."

"दे इकडे."

मी टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी धड उचललं आणि अंगठा नाकापासून शेपटीपर्यंत नेला. मग पुन्हा. हळूहळू, एखाद्या इंजिनाचा आजार शोधावा तसा.

मी विचारलं, "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

त्यांचा अंगठा एकदा पुढे गेला, एकदा मागे. मग म्हणाले, "तुझं सगळं रंगावर. गॅरेजात रंग, घरी रंग. दर वेळी काही नवीन केलंस की धावत यायचास, बाबा रंग बघा. मी कुठल्या तोंडाने सांगू की मला तुझा रंग दिसत नाही?"

"आणि प्रदर्शनात..."

"तू सांगितलंस डावीकडून तिसरं. मी मोजून तिसऱ्यापुढे थांबलो. आठ दिवस ठरवत होतो काय म्हणायचं ते." त्यांनी चेहरा खिडकीकडे केला, म्हणजे माझ्याकडे. "कुणाचं होतं ते?"

"दातांच्या डॉक्टरचं. हेलिकॉप्टर होतं."

"अरे देवा," बाबा म्हणाले आणि हसायला लागले. भुवईवरच्या टाक्यांना ओढ बसली तरी थांबेनात. मीही हसलो. मग मला हसू आवरेना आणि मग दुसरंच काहीतरी आवरेना, तेव्हा मी काचा बघायच्या निमित्ताने खाली वाकलो.

त्यांचा अंगठा पंखाच्या मुळाशी थांबला होता. "इथे रिव्हेट आहेत का रे? काहीतरी लागतंय, पण पुसट."

"सगळ्या रांगा आहेत बाबा. एकही सोडली नाही."

"मग लागत का नाहीत?"

मी मनात मोजलं. प्रायमर, त्यावर रंगाचे तीन हात, वर तेलाचे ओघळ, वर धूळ. माझ्या बक्षिसाखाली सगळ्या रांगा बुजल्या होत्या.

"रंगाने भरल्या," मी म्हटलं.

त्यांनी नखाने एका जागी खरवडून बघितलं आणि मग, मला वाईट वाटेल म्हणून असेल, हात काढून घेतला.

२२ मार्च, रविवार

थिनरने प्लॅस्टिक विरघळतं, म्हणून स्पिरिट घेतलं. जुना टूथब्रश आणि चिंध्या. सकाळी बसलो ते दुपारपर्यंत. आधी धूळ गेली, मग ओघळ, मग तो राखाडी. इतका जमलेला रंग कुणी स्वतःच्या हाताने धुऊन काढलेला मला माहीत नाही. चिंधीवर उतरला तेव्हाही सुंदर दिसत होता. बायको दोनदा येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा चहा ठेवून गेली.

प्रायमर गेला आणि पत्र्यांचे जोड, रिव्हेट, दाराच्या बिजागऱ्या सगळं टोचल्यासारखं वर आलं. पंख चिकटवला. एरियल लावली नाही. तिला आता कोण सांभाळणार?

मावशी बाबांच्या ओंजळीत ठेवली आणि मी उभा राहिलो. त्यांची बोटं चालायला लागली. एका झडपेपाशी थांबली, "ही उजवीकडची फार अडायची," पुढे गेली, पोटाखाली गेली, परत आली. मी मनात म्हणत होतो, आता म्हणतील, आता. ते गढून गेले होते. मी खोलीत आहे हे विसरले बहुतेक. किती वेळ असं ताटकळणार? मी चिंध्या टाकायला बाहेर पडलो.

परत येताना दारापाशी आवाज ऐकला. बाबा फोनवर बोलत होते. आवाज चढलेला, मुलासारखा. "अहो, वा म्हणजे काय, वा! रांग न् रांग आहे! मी तिच्या पोटाखाली पडून जेवढी बघितली नाही तेवढी आज बघितली. माझ्या पोराचे हात आहेत हे, जावईबापू! तुम्ही आत्ताच्या आत्ता या."

मी दाराआड भिंतीला टेकून सगळं ऐकलं. डोळे पुसले. स्पिरिटनेही चुरचुरत होते. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो शब्द आला, आणि तोसुद्धा पहिल्यांदा जावईबापूंच्याच कानात पडला.